ओजेटीचे १२० तास पोरांचे, आमचे शून्य! उच्च शिक्षण विभागाला एका सीएचबीवालीचं खुलं पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
मा. उच्च शिक्षण संचालक, पुणे,
आणि राज्यातल्या अकृषी विद्यापीठांचे मा. कुलगुरू

साहेब, नमस्कार.

'वरील विषयास अनुसरून' वगैरे न लिहिता थेट मुद्द्यावर येते, कारण आमच्या संघटनांची निवेदनं आपण भरपूर वाचली असतील, निदान त्यांच्यावर आवकचे शिक्के तरी बसले असतील. एनईपी, म्हणजे नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, त्याच्याबरोबर ओजेटी आलं, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. एम.कॉम.च्या पहिल्याच वर्षी दुसऱ्या सेमिस्टरला चार क्रेडिट, एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे पोरांनी १२० तास कुठंतरी जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, आता बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षालाही तेच. कल्पना चांगली आहे, टोमणा मारत नाहीये, खरंच चांगली आहे. पण हे १२० तास घडवून कोण आणतं ते आपल्या एकाही कागदावर नाही. आमच्यासारख्या तालुक्याच्या कॉलेजात ते बहुतेक करून सीएचबीवाली (क्लॉक अवर बेसिस, म्हणजे तासाच्या हिशोबानं मानधन घेणारी) मंडळी आणतात, आणि त्यांना त्याचा एक रुपया मिळत नाही. एवढंच सांगायचंय, बाकी सगळं पत्र याच्याच पोटात आहे.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवते, तासिका तत्त्वावर. नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) झालंय, पीएच.डी. चालू आहे, दर जूनला नव्यानं मुलाखत देते, तोच पॅनल, तेच प्रश्न, 'अकाउंटिंग स्टँडर्ड म्हणजे काय' हे त्यांना माझ्याकडून दरवर्षी ऐकायचं असतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण एक तर हे एका कॉलेजचं दुखणं नाही, आणि दुसरं कारण आपल्याला कळलंच असेल.

ओजेटी म्हणजे नेमकं काय काम असतं हे मंत्रालयातून दिसत नसावं असं मला वाटतं. तिथून दिसतं ते असं, की विद्यार्थी उद्योगात जातो, कौशल्य शिकतो, रिपोर्ट देतो, क्रेडिट घेतो. आमच्या तालुक्यात उद्योग म्हणजे काय तर बाजार समिती, दोन-चार पतसंस्था, टॅक्स कन्सल्टंटची ऑफिसं, एक साखर कारखाना तोही कधी चालू कधी बंद, मेडिकलची होलसेल दुकानं, ट्रॅक्टरचे शोरूम आणि गल्लोगल्ली महा-ई-सेवा केंद्रं. एम.कॉम.च्या वर्गाला एवढ्यात बसवायचं. कुणीही फोन करून म्हणत नाही की पाठवा आमच्याकडं पोरं. उलट मीच लेटरहेडवर पत्र टाइप करायचं, प्राचार्यांची सही घ्यायची, स्कूटीवर जाऊन दुकानाच्या दारात उभं राहायचं, आणि गिऱ्हाईक कमी झालं की सांगायचं, दादा आमची दोन मुलं आहेत, काही मागणार नाहीत, फक्त काम शिकवा. निम्मे जण विचारतात किती दिवस, उरलेले निम्मे विचारतात कशाला. एका शोरूमवाल्यानं तर मला इन्शुरन्सवाली समजून हातानंच नको म्हटलं.

बरं जागा मिळाली म्हणजे काम संपलं असं नाही, तिथून खरं चालू होतं. कुणाला पहिल्या आठवड्यात नुसतं झेरॉक्सला पिटाळतात, कुणाला चहा सांगायला, मग ती मुलगी रात्री मेसेज करते की मॅडम मला उद्या जायचं नाही. मग परत फोन, परत चक्कर, मालकाला न दुखावता सांगायचं की साहेब हिला टॅली येतं, व्हाउचर एंट्री देऊन बघा. लॉगबुक तपासायचं, रोजच्या तासांवर मालकाची सही आहे का बघायचं, शेवटी त्याच्याकडून मूल्यमापनाचा फॉर्म भरून घ्यायचा (तो इंग्रजीत असतो, आणि दुकानदार म्हणतो तुम्हीच भरा मॅडम मी सही करतो), मग रिपोर्ट, मग तोंडी परीक्षा, मग पोर्टलवर मार्क. आणि भेट दिल्याचा जिओटॅग फोटो. तो विसरला तर नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या दृष्टीनं तुम्ही तिथं गेलाच नव्हता.

एवढं करून कुणाला काही मिळतं का, तर मिळतं, आणि ते सांगायलाच पाहिजे, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई नुसती रडतेय. माझ्या वर्गातली एक मुलगी बाजार समितीतल्या कांद्याच्या अडत (दलालीच्या) दुकानात ओजेटीला होती. आधी घरचे तयार नव्हते, मार्केटात पोरगी कशी पाठवायची म्हणून, मी वडिलांशी बोलले, ते स्वतः तिथंच कांदा घालणारे. तिला दुकानात हिशोबपट्ट्या लिहायचं काम दिलं, वजन, भाव, एकूण रक्कम, मग त्यातून वजा हमाली, तोलाई, वाराई, आणि खाली निव्वळ. दोन आठवड्यांत तिचा हात असा बसला की मुनीमजी तिच्यावर सोडून जेवायला जायला लागले. मग तिनं घरी जाऊन वडिलांनी खिळ्याला अडकवलेल्या जुन्या पट्ट्या काढल्या आणि एकेक वाचत बसली. फळं-भाजीपाल्यावरची अडत २०१६ पासून शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची, हे तिच्या वडिलांना उडत उडत माहीत होतं पण पट्टीत कुठं बघायचं ते माहीत नव्हतं. तिनं दाखवलं. आता गल्लीतले चार जण तिच्याकडं पट्टी घेऊन येतात. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तिला विचारलं व्हॉट इज युवर लर्निंग आउटकम, तर ती गप्प बसली. मीच मध्ये बोलले की सर तिला पट्टीवर विचारा. मग वीस मिनिटं थांबली नाही.

हे जे काही झालं ते वर्कलोडमध्ये कुठं लिहू सांगा. तासिका म्हणजे वर्ग, खडू, हजेरी, मस्टरवर सही. २०२३ मध्ये आपल्याच विभागानं दर वाढवले, पदवीला तासाला ९०० आणि पदव्युत्तरला १०००, त्याबद्दल आभार, आधीच्या ६२५ पेक्षा बरंच. पण यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०१९ मध्येच गेस्ट फॅकल्टीला तासाला १५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० सांगून ठेवलंय ते तसंच राहिलं, असो, तो वेगळा विषय. इथला विषय असा की आठवड्याला तासिका नऊच, आणि त्या वर्गातल्याच. बाजार समितीत सकाळी लिलावाच्या वेळी जाऊन पोरगी बसलीय का बघून आले, ही तासिका नाही. पतसंस्थेच्या मॅनेजरपुढं तासभर बसले, ही तासिका नाही. सायन्सच्या प्रॅक्टिकलला मात्र वेगळा दर आहे, म्हणजे लेक्चर सोडून दुसरं काम मोजायची सोय आपल्या जीआरमध्ये आधीपासून आहे, फक्त ओजेटीला तिथं कुणी रकाना काढला नाही.

आणि काम आमच्याकडंच का येतं तर त्यालाही कारण आहे. कायम मास्तर लोकांवर मी खापर फोडणार नाही. ज्या डिपार्टमेंटला चार जागा मंजूर होत्या तिथं एक जण उरलाय, बाकीचे रिटायर झाले आणि भरती कधी मंजूर झालेल्या २०८८ पदांच्या आकड्यावर अडली कधी कोर्टात कधी आचारसंहितेत. तो एक जण परीक्षा विभाग बघतो, आयक्यूएसी (कॉलेजचा गुणवत्ता कक्ष) बघतो, इलेक्शन ड्युटी करतो, वर दोन समित्या. तो ओजेटीला कधी जाणार. मग तो म्हणतो मॅडम तुम्ही बघा, तुमची गावात ओळख आहे. आदेशावर समन्वयक म्हणून नाव त्याचं, माझं खाली 'सदस्य', आणि कॉलेजच्या अहवालात एमओयूच्या (सामंजस्य करारांच्या) यादीबरोबर फोटो छापून येतो त्यात मी नसते, कारण फोटो मी काढलेला असतो.

आता कॅलेंडरचं बघा, कारण हे पुण्यात-मुंबईत बसून ठरवताना कुणाच्या लक्षात आलं नसावं. दुसरं सेमिस्टर म्हणजे जानेवारी ते मे. कॉमर्सच्या पोराला शिकायला याहून चांगला काळ नाही, आणि शिकवायला याहून वाईट नाही. टॅक्स कन्सल्टंटकडं महिन्याची ११ तारीख जीएसटीआर-१ ची, २० तारीख ३बी ची (ही जीएसटीची विवरणपत्रं), त्यामुळं पाच ते वीस त्याला माणूस पाहिजे आणि वीसनंतर तो म्हणतो आता काही काम नाही. आमचं टाइमटेबल म्हणतं ओजेटी सोमवार ते शनिवार रोज दोन तास, लेक्चर झाल्यावर. मार्चएंडला पतसंस्थेचे मॅनेजर हात जोडतात, मॅडम आत्ता नको. एकदा मीच हट्ट धरला, म्हटलं दोन पोरं ठेवा, शिकवू नका, नुसती कामाला लावा. त्यांनी लावली थकबाकीच्या यादीला आणि १०१ च्या (थकीत कर्जाच्या वसुलीच्या) दाखल्याच्या फायलींना. कर्जदाराचा अर्ज, जामीनदारांच्या नोटिसा, खातेउतारा, सगळं तारखेप्रमाणं लावायचं, एक कागद मागंपुढं झाला की प्रस्ताव निबंधकाकडून परत. त्या दोन पोरांना सहकार कायद्याचं कलम १०१ जेवढं कळलंय तेवढं मी वर्गात पाच लेक्चर घेऊन शिकवू शकले नसते. त्यातल्या एकाला तिथंच पिग्मीच्या मशिनवर बसवलंय आता, पगार थोडा आहे पण आहे. पण नेमकी तेव्हाच आमची अंतर्गत परीक्षा लागली होती, आणि त्या पोरांची गैरहजेरी माफ करून घ्यायला मला तीन टेबलं फिरावी लागली.

यात दुसरी एक गोष्ट चालते ती आपल्यालाही माहीत असणार, तरी लिहिते. ओजेटीची सर्टिफिकेटं विकत मिळतात. अगदी बाजार भरतो असं नाही, पण मामाचं दुकान असतं, मित्राचं ई-सेवा केंद्र असतं, शिक्का असतो, आणि लॉगबुक एका रात्रीत एकाच पेनानं भरून येतं. बघितलं की कळतं, १२० तासांची शाई एकसारखी असते. अशा पोराला मी परत पाठवते, तो चिडतो, त्याचा बाप फोन करतो, मग आतून निरोप येतो की मॅडम कशाला ताणताय, रिझल्ट अडेल. आता मला सांगा, जिची ऑर्डर जूनमध्ये त्याच लोकांच्या हातात आहे तिनं किती ताणायचं? मी ताणते, माझ्यापुरतं. पण राज्यभर जे हजारो सीएचबीवाले आहेत त्यांनी फुकटात, स्वतःच्या पेट्रोलवर, नोकरी पणाला लावून आपल्या योजनेची अब्रू राखावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे. पोरांनाही दोष किती द्यायचा, ज्याला शेतात बापाबरोबर पाणी द्यायला जावं लागतं किंवा रात्री धाब्यावर काम आहे त्याला बिनपगारी १२० तास म्हणजे तेवढ्या दिवसाचा रोज बुडाला.

कारण बिनपगारीच आहे ना ते. शासनाची युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, लाडका भाऊ म्हणून गाजली ती, त्यात बारावीला महिना ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००. पण शिक्षण चालू असेल तर त्यात बसत नाही. केंद्राची पीएम इंटर्नशिप आहे, २०२४ मध्ये आली तेव्हा महिना ५,०००, तिथंही फुलटाइम शिकणारा चालत नव्हता. म्हणजे जो शिकत नाही त्याला ट्रेनिंगचे पैसे, आणि ज्याच्या मार्कशीटवरच ट्रेनिंग सक्तीचं आहे त्याला काहीच नाही. एसटीचा सवलतीचा पास पण घर ते कॉलेज एवढाच, ओजेटी तिसऱ्याच गावात असेल तर रोज तिकीट काढा. मुलींना अर्धं तिकीट आहे म्हणून निभतं, मुलं लिफ्ट मागत जातात.

मुलींचं मात्र नुसत्या तिकिटावर भागत नाही. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आहे, त्यात कर्मचारी या व्याख्येत प्रशिक्षणार्थीसुद्धा येतात, म्हणजे ओजेटीला गेलेली मुलगी त्यात येते असंच मी धरून चालते. पण अंतर्गत समिती दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. आमच्या ओजेटीच्या जागा म्हणजे मालक, एक मुनीम आणि एक पोऱ्या. तिथं काही झालं तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करायची असते. हे किती कॉलेजांनी मुलींना सांगितलं? आमच्याकडं मी सांगते, ओजेटीला पाठवायच्या आधी सगळ्यांना बसवून, मुलांनापण, आणि माझा नंबर देते. तो नंबर रात्री साडेनऊला वाजला की पोटात गोळा येतो. एकदा असंच एका मुलीनं सांगितलं की मालकाचा भाऊ दुकान बंद करायच्या वेळी मुद्दाम थांबवून घेतो, बाकी काही नाही झालं. मी दुसऱ्या दिवशी तिची जागा बदलली, आणि त्या दुकानाचं नाव माझ्या यादीतून कायमचं खोडलं. पण ही यादी माझ्या वहीत आहे. उद्या मी नसेन, जूनमध्ये मला ऑर्डर मिळाली नाही, तर माझ्या जागी येणारी नवीन मुलगी त्याच दुकानाच्या दारात पत्र घेऊन उभी राहणार. कॉलेजकडं या गोष्टीची नोंदच नाही, कारण कॉलेजच्या लेखी तिथं गेलेलंच कुणी नाही.

यूजीसीच्या इंटर्नशिपच्या गाइडलाइन्स आहेत २०२४ च्या, त्यात नोडल ऑफिसर, सुपरवायझर, मेंटॉर असे सगळे शब्द आहेत, वाचायला फार छान वाटतं. प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस पण आणलेत, उद्योगातले दिग्गज येऊन शिकवणार म्हणे. येऊ देत. आमच्याकडं प्रॅक्टिसचा प्रोफेसर म्हणजे बाजार समितीतले ते मुनीमजी, त्यांना बोलावून वर्गात हिशोबपट्टीवर एक तास घ्यायला लावायचा तर चहापाण्याला पैसे कुठल्या हेडमधून टाकायचे यावर ऑफिसनं मला आठवडाभर फिरवलं, शेवटी चहा मीच पाजला.

मग मागायचं काय, तर फार काही नाही. ओजेटीच्या मार्गदर्शनाला वर्कलोडमध्ये तासिका धरा, अमुक इतक्या विद्यार्थ्यांमागं आठवड्याला एक असं काहीतरी प्रमाण ठरवा, आणि त्या तासिका नऊच्या मर्यादेच्या वर द्या, नाहीतर प्राचार्य लोक माझीच कॉस्टिंगची दोन लेक्चर कापून तिथं बसवतील. भेटीची नोंद मस्टरवर चालेल असं जीआरमध्ये स्पष्ट लिहा, कारण स्पष्ट नसलं की सहसंचालक ऑफिसला बिल त्रुटीत निघतं आणि सहा महिन्यांनी परत येतं. आदेशावर जो काम करतो त्याचं नाव टाका. ओजेटीच्या तारखा विद्यापीठानं एकच एक न ठरवता कॉलेजवर सोडा, सुट्टीत करायची असेल तर सुट्टीत, मार्चमध्ये तर मार्चमध्ये. सुट्टीत केलं तर सीएचबीचा करार तोवर संपवू नका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मधेच लिहितेय पण कृपया हीच आधी वाचा, कारण सेमिस्टर संपलं की आमचं मानधन थांबतं आणि पोरं मात्र मे महिन्यात कामावर असतात, फोन आम्हालाच करतात. ज्या ठिकाणी पोरं पाठवली त्यांची जिल्ह्याप्रमाणं यादी विद्यापीठानं ठेवावी, चांगल्या-वाईट शेऱ्यासकट, आणि स्थानिक समितीचा पत्ता लॉगबुकच्या पहिल्याच पानावर छापावा, त्याला काही खर्च नाही. पोरांना स्टायपेंड लगेच जमत नसेल तर निदान ओजेटीच्या काळापुरता एसटीचा पास त्या गावापर्यंत वाढवून द्या.

पैसे कुठून आणायचे असं कुणी म्हणेल. खरं सांगायचं तर माझ्या हिशोबानं एका कॉलेजला याचा खर्च एका नॅक भेटीच्या मांडवाइतकाही येत नाही, पण तो हिशोब आपल्या लेखा विभागानंच करावा, त्यांना पूर्ण पगार आहे.

जूनमध्ये टाइमटेबल लागतं, त्याच्या आधी निर्णय झाला तरच पुढच्या बॅचला उपयोग. आणि एक विनंती, जीआर निघाला की कॉलेजच्या मेलवर पाठवालच, पण तो सगळीकडं उघड टाका, सीएचबीवाले कॉलेजच्या मेलवर नसतात.

आपली,
तासिका तत्त्वावरील सहायक प्राध्यापक, वाणिज्य
(आदेशातलं पद: सदस्य, ओजेटी समिती)